आठाच्या आत

माझ्या साडूंचा आकडा तीन पॉइंट सात झाल्याचं मला क्लबच्या नोटीस बोर्डावरून कळलं, हे एका परीने बरंच झालं. त्यांच्या तोंडून कळलं असतं तर चेहरा सांभाळावा लागला असता. बोर्डापुढे मी एकटाच होतो. चेहऱ्याला जे काही करायचं होतं ते त्याने निवांत करून घेतलं.

बोर्डावर माझा आकडा साडेतीन होता. मागच्या महिन्यात होता तेवढाच, त्याच्या मागच्या महिन्यात होता तेवढाच. सकाळपर्यंत तो मला स्थिर वाटत होता. आता तो तुंबलेला वाटायला लागला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. शेजाऱ्याचा हेवा करायचा म्हटलं तर त्याचं गाव वेगळं, घराणं वेगळं, नशीब वेगळं असं म्हणून मनाची समजूत काढता येते. साडवांना ती सोय नाही. दोघे एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसलेले असतात आणि तराजू सासूबाईंच्या हातात असतो. मी हे तराजूचं उगीच बोलत नाही. एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानादुकानांतून काटे तपासले, वजनांवर शिक्के मारले, तळातलं शिसं काढून हलकी केलेली वजनं जप्त केली. त्यामुळे आकडा दिसला की माझा त्यावर पटकन विश्वास बसतो. दुसऱ्याचा असेल तर तितक्याच पटकन संशय येतो.

साडू लिफ्टच्या देखभालीचं काम करतात. वर जाणं त्यांच्या धंद्यातच आहे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या हातात रॅकेट दिली ती मीच. "टेनिस खेळा, पोट उतरेल," असं मी म्हणालो होतो. पोट आहे तिथेच आहे. उतरलो मी.

आता हे आकड्यांचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या क्लबात चार वर्षांपासून प्रत्येक खेळाडूला आकडा आहे. एक म्हणजे ज्याला रॅकेट कुठल्या टोकाने धरायची हे सांगावं लागतं तो. सात म्हणजे ज्याला लोक टीव्हीवर बघतात तो. बाकी सगळी मानवजात या दोघांच्या मधे. पहिल्या वर्षी आम्हाला एक फॉर्म दिला होता आणि आपली पातळी आपणच ठरवायला सांगितलं होतं. 'चेंडू परतवता येतो, पण कुठे जाईल याची खात्री नसते' म्हणजे अडीच. 'संथ चेंडूवर भरवसा, बॅकहँड शक्यतो टाळतो' म्हणजे तीन. चाळीस सभासदांपैकी छत्तीस जणांनी स्वतःला साडेचार दिले. तिघांनी पाच दिले. एकट्या डॉक्टरांनी चार लिहिले. मग महिन्याभराचे खरेखुरे सामने संगणकात गेले आणि क्लबभर सुतकी शांतता पसरली. छत्तीसांतले बहुतेक जण तीनवर आले. डॉक्टर साडेचारवर गेले. मी साडेतीनवर थांबलो, आणि समोरच्या बाकावर बसून पाणी प्यायलो.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आणि दुहेरीत माझे जोडीदार. अकरा वर्षं. आठवड्यातून तीन सकाळी, सहाच्या ठोक्याला, कोर्ट नंबर दोन. लोक म्हणतात दुहेरीत जोडीदार म्हणजे संसार. मी म्हणेन संसारात दोघांपैकी एकाला तरी वाटतं की दुसऱ्याचं नशीब उघडलं. आमच्यात ते कोणाला वाटायचं याबद्दल शंकाच नव्हती. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहिलं की मी साडेतीनचा वाटायचो नाही. त्यांच्या सर्व्हिसवर समोरून मेलेला चेंडू यायचा, तो मी नेटवर ठोकायचो, आणि बाहेर बसलेले लोक 'वा' म्हणायचे. तो 'वा' कोणाचा हे मी कधी विचारलं नाही.

दरवर्षी सहा क्लबांची एक स्पर्धा होते, तिचं नावच 'आठाच्या आत'. नियम एकच. जोडीतल्या दोघांच्या आकड्यांची बेरीज आठच्या वर जाता कामा नये. डॉक्टरांचे साडेचार आणि माझे साडेतीन, आठ. बाकीच्या जोड्या दरवर्षी बोटांवर बेरजा करत बसायच्या, कोणाला कोण चालतो, कोण जड होतो. आम्हाला देवानेच बेरीज करून पाठवलं होतं. दोनदा उपांत्य फेरीत हरलो होतो. यंदा डॉक्टर म्हणत होते, "निरीक्षक, यंदा फायनल. तू फक्त आकडा सांभाळ."

आकडा सांभाळायचा म्हणजे वाढू द्यायचा नाही. चार वर्षं मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. साडेतीन हा माझा आकडा नव्हता, ती माझी जागा होती. आणि आता त्या जागेच्या दोन दशांश वर साडू जाऊन बसले होते.

रविवारी सासूबाईंकडे जेवायला होतो. साडूंनी पान वाढायच्या आतच फोन काढला.

"आई, हे बघा. तीन पॉइंट सात."

सासूबाईंनी चष्मा लावला. "किती पैकी?"

"सातपैकी."

"मग निम्म्याच्या जरासं वर. त्यात काय एवढं नाचायचं?"

तेहतीस वर्षांत प्रथमच मला सासूबाईंबद्दल भरून आलं. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचे किती?"

"साडेतीन."

"म्हणजे बरोब्बर निम्मे." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "असू दे. काठावर का होईना, पास आहात."

"आई, भाऊजी किती वर्षं खेळतायत," मेव्हणी माझी बाजू घ्यायला धावली. "वीस ना हो भाऊजी?"

"बावीस," मी म्हणालो.

बाजू घेणारी माणसं फार वाईट.

साडू मात्र नम्र होते. नम्र माणसाचा हेवा करणं किती अवघड असतं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. "दादा, हे सगळं तुमच्यामुळे हां," ते म्हणाले. "तुम्ही नसता तर मी अजून लिफ्टच्या खड्ड्यातच असतो."

"छे हो, तुमची मेहनत," मी म्हणालो. साडूंशी मी नेहमी अहोजाहोत बोलतो. 'अहो' म्हटलं की मनातलं बाहेर येत नाही, दारातच अडतं.

घरी येताना ही म्हणाली, "तुम्ही भाजी घेतलीच नाहीत."

"भूक नव्हती."

"दिसलं ते. तीन पॉइंट सातने पोट भरलं असेल."

दुसऱ्या दिवशी मी आकडेबाईंकडे गेलो. क्लबच्या कचेरीत बसून त्या सगळ्यांचे निकाल संगणकात भरतात. आकडेबाई हे नाव त्यांच्या पाठीमागचं, तोंडावर सगळे मॅडम म्हणतात. त्यांच्या टेबलावर एक कॅक्टस, एक पट्टी आणि पेन्सिलींना टोक करायचं यंत्र आहे. पेन्सिली लागत नाहीत, तरी टोकं तयार असतात.

"मॅडम, एक शास्त्रीय शंका होती. समजा, एखाद्याचा आकडा खाली आणायचा असेल तर?"

"कोणाचा?"

"एखाद्याचा."

"तुमच्या साडूंचा?"

मी कॅक्टसकडे बघितलं. "उदाहरणार्थ."

बाईंनी पट्टी बाजूला ठेवली. "आकडा हरण्या-जिंकण्यावर नसतो, हे आधी लक्षात घ्या. सगळे जण इथेच चुकतात. तो अपेक्षेवर असतो. तुम्ही दोघे समोरासमोर आलात की कोणी किती गेम घ्यावेत हे संगणकाने आधीच ठरवलेलं असतं. त्याहून जास्त घेतलेत की वर, कमी घेतलेत की खाली. माणूस हरूनही वर जातो आणि जिंकूनही खाली येतो."

"म्हणजे लग्नासारखंच."

बाई हसल्या नाहीत. आकडे चालू असताना त्या हसत नाहीत. "तुमच्या साडूंचे सामने झालेत नऊ. नवा आकडा नव्या लिफ्टसारखा, बटण दाबलं की हलतो. तुमचे झालेत दोनशे चाळीस. तुमचा आकडा ढकलायला माणसं लावावी लागतील."

"म्हणजे मी त्यांना हरवलं तर ते हलतील आणि मी नाही?"

"थोडक्यात हरवलंत तर." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "बोर्डावर मी एकच दशांश लावते, पण आत दोन असतात. तुम्ही आहात तीन पॉइंट पाच चार. बारा गेम जिंकताना निदान सात देऊन टाका, म्हणजे पाच चारवरच राहाल. साडू येतील तीन-सहावर. पण त्याहून कमी दिलेत तर तुमचा होईल पाच पाच. पाच पाच म्हणजे बोर्डावर तीन-सहा."

"आणि डॉक्टरांचे साडेचार मिळवले की..."

"आठ पॉइंट एक. आणि स्पर्धेला महिनाअखेरचाच आकडा धरतात. जिंका, पण जपून जिंका." मग त्यांना आणखी काही सुचलं. "शिवाय साडू फारच मोठे हरले तर ते येतील थेट साडेतीनवर, आणि मग..."

पण साडू थेट साडेतीनवर, एवढे शब्द कानात पडले आणि पुढे मला काही ऐकूच आलं नाही. मी आभार मानून निघालो.

सामना शनिवारी ठरला. साडू आनंदाने तयार झाले. "दादा, तुमच्याशी मोजायचा सामना! मला वाटलं तुम्ही कधी विचारणारच नाही." सोबत मेव्हणी आली, ही आली, आणि दोघी बाकावर बसून आपल्या माहेरच्या गप्पा मारू लागल्या. टेनिसकडे त्या अधूनमधून बघत होत्या, गॅसवरच्या दुधाकडे बघावं तसं.

पहिला सेट मी बेतून खेळलो. साडू जोरात मारणारे. जोरात मारणाऱ्याला एक चेंडू जास्त परतवावा लागला की तो स्वतःच चुकतो, हे बावीस वर्षांत मी शिकलोय. किंबहुना हे एवढंच शिकलोय. सहा-चार. चार गेम दिले. त्यातले दोन मी हाताने दिले आणि ते इतक्या सफाईने, की देताना मला स्वतःलाच वाईट वाटलं. आता दुसऱ्या सेटमध्ये तीन द्यायचे की काम फत्ते. साडू तीन-सहावर, मी माझ्या जागेवर, डॉक्टर माझ्या शेजारी.

दुसऱ्या सेटमध्ये दोन-शून्य झाल्यावर मी ठरवलं की पुढचा गेम द्यायचा. देण्याआधी पाणी प्यायला थांबलो. साडूही आले, टॉवेलने मान पुसत.

"दादा, पाठ कशी आहे?"

"कोणाची?"

"तुमची. ताई म्हणाल्या काल दुखत होती. म्हणून मी आपला हळूच मारतोय. तुम्ही बिनधास्त खेळा, मी सांभाळून घेतो."

मी बाकाकडे बघितलं. आमची ही हातवारे करून बहिणीला कुठल्या तरी पडद्याची लांबी सांगत होती. तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता.

आता माझं असं म्हणणं आहे की हेवा काही वाईट नसतो, तो बिचारा कोपऱ्यात बसून असतो. त्याला चहापाणी लागत नाही, फक्त कोणी कीव केलेली चालत नाही. मी साडूंना म्हणालो, "अहो, हळू कशाला? मारा की जोरात. मला आवडेल."

"नक्की?"

"नक्की."

साडूंनी जोरात मारायला सुरुवात केली. पहिला चेंडू नेटमध्ये गेला. दुसरा मागच्या कुंपणाला लागला. तिसरा कुंपणावरून पलीकडच्या गाड्यांत गेला आणि एका गाडीचा भोंगा वाजायला लागला. तीन-शून्य. चार-शून्य. साडू जितके चिडले तितकं जोरात मारत गेले, आणि मी नुसता चेंडूला रॅकेट दाखवत राहिलो. पाच-शून्य.

आणि सर्व्हिस माझी.

खोटं बोलायचं नाही. त्या क्षणी मला सगळं आठवत होतं. आतापर्यंत दिले चार, द्यायचे सात. चेंडू हातात धरून मी उभा राहिलो आणि डॉक्टर मला स्पष्ट दिसले, बोट उगारून म्हणणारे, 'फक्त आकडा सांभाळ.' चार वेळा दोन्ही सर्व्हिस बाहेर घालवायच्या की एक गेम तरी गेला. त्यात अवघड काय, माझी सर्व्हिस आपणहूनही बाहेर जाते. समोर साडू वाकून उभे होते, लाल झालेले, घामेजलेले, आणि त्यांच्या तोंडावरची ती सांभाळून घेण्याची छटा पार पुसली गेली होती. तिथे आता काळजी होती. ती काळजी इतकी शोभून दिसत होती की मला तिच्यावर हात उचलवेना.

मी सर्व्हिस केली. ती रेषेवर पडली. दुसरीही पडली. आयुष्यात सलग तिसरी सर्व्हिस कधी माझ्या इच्छेप्रमाणे गेली नव्हती, ती गेली. चौथीवर साडूंनी परतवलेला चेंडू नेटच्या पट्टीवर क्षणभर बसला आणि त्यांच्याच बाजूला उतरला.

सहा-चार, सहा-शून्य.

"दादा!" साडू नेटवर आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "काय खेळलात! मला जागा दाखवलीत तुम्ही."

"छे हो," मी म्हणालो. आत बँड वाजत होता.

"थांबा, स्कोअर टाकून देतो." त्यांनी फोन काढला.

बँड थांबला. "काय घाई आहे? घरी जाऊन टाकू. विचार करून."

"विचार कसला? सहा-चार, सहा-शून्य. हरलो ते हरलो, लपवायचं कशाला?" त्यांनी अंगठा दाबला. "गेलं."

माझ्या खात्यात असा प्रामाणिक माणूस मला एकतीस वर्षांत भेटला नव्हता. भेटला असता तर त्याची बदली केली असती.

महिनाअखेरीला बोर्ड लागला. मी, तीन पॉइंट सहा. साडू, तीन पॉइंट पाच. दोन मिनिटं मी त्या दोन ओळींकडे बघत राहिलो. एकाखाली एक, मी वर. मला वाटतं त्या दोन मिनिटांसाठी मी पुन्हा तेच केलं असतं. तिसऱ्या मिनिटाला डॉक्टर आले.

"अरे वा, निरीक्षक! वाढलास की!" त्यांनी पाठीवर थाप मारली. मग त्यांचा हात पाठीवरच राहिला आणि ओठ हलायला लागले. बेरीज करताना ते ओठ हलवतात. "आठ पॉइंट एक."

आम्ही दोघे आकडेबाईंपुढे उभे राहिलो. डॉक्टरांनी विचारलं, एक दशांशाने काय होतं?

"आठ म्हणजे आठ," बाई म्हणाल्या.

"मॅडम," मी म्हणालो, "आमच्या खात्यातसुद्धा तराजूला थोडी सूट असायची."

"तुम्ही द्यायचात?"

कॅक्टससुद्धा माझ्याकडे बघतोय असं वाटलं. "नाही," मी म्हणालो.

बाहेर पायरीवर डॉक्टर बुटाची नाडी बांधायला बसले. ती आधीच बांधलेली होती. "कसा काय वाढलास रे? सांगितलं होतं ना?"

"चुकून सर्व्हिस आत पडली."

"हं." त्यांनी नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "तुझे साडू साडेतीन झालेत ना?"

आकडेबाईंचं त्या दिवशीचं वाक्य कुठे जात होतं ते मला तेव्हा कळलं.

"झालेत," मी म्हणालो. "पण नवखे आहेत हो. नऊ-दहा सामने. जोरात मारतात नुसते."

"मारू दे. मला नेटवर कोणीतरी मारणारा हवाच होता." मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाले, "म्हणजे, यंदापुरता. तू रागावत नाहीस ना?"

"मी? घरातच राहिलं की सगळं."

साडू रात्रीचं जेवण व्हायच्या आत घरी हजर. पेढे आणावेत तसा चेहरा, आणि हातात वही. "दादा, डॉक्टरांबरोबर खेळायचं म्हणजे मला कापरं भरलंय. तुम्ही अकरा वर्षं उभे राहिलात त्यांच्या शेजारी. सगळं सांगा. लिहून घेतो."

ही चहा ठेवायला गेली. जाताना माझ्याकडे बघून गेली. ते बघणं म्हणजे नोटीस होती.

मी सांगितलं. पहिली सर्व्हिस चुकली की त्यांची दुसरी नेहमी मधोमध जाते, तेव्हा नेटवर अर्धं पाऊल आत सरका. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, बोलायचं ते उजवीकडून बोला. गेम गेला की लगेच धीर देऊ नका. दोन पॉइंट जाऊ द्या, मग म्हणा 'चला'. डोळ्यांवर ऊन असलं की ते चिडतात, तेव्हा बाजू निवडायची वेळ आली तर ऊन तुम्ही घ्या. साडू खाली मान घालून लिहीत होते, आणि सांगता सांगता मला कळत होतं की मला हे सगळं ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं. दीड पान भरलं.

एक गोष्ट तेवढी मी ठेवून घेतली. डोक्यावरून उंच लॉब आला की डॉक्टर 'माझा!' म्हणून ओरडतात, आणि जागचे हलत नाहीत. मागे धावायचं असतं ते जोडीदाराने. अकरा वर्षं मी धावलो होतो. हे साडूंनी आपलं आपण शोधून काढावं, असं मला वाटलं. सगळंच लिहून दिलं की माणसाची वाढ खुंटते.

"आणखी काही?" साडूंनी पेन वर धरलं.

"एवढं पुरे," मी म्हणालो.

स्पर्धा पुढच्या रविवारी आमच्याच क्लबात झाली. मला तीन-सहाला शोभेल असा कोणी मिळाला नाही. जे चार-चारचे होते त्यांच्या जोड्या केव्हाच जमल्या होत्या. मी बाकावर बसलो. एका बाजूला ही, पलीकडे मेव्हणी, दुसऱ्या बाजूला वही घेऊन आकडेबाई.

सकाळच्या दोन फेऱ्या डॉक्टर आणि साडू जिंकले. दोन्ही सामन्यांत कोणी लॉब टाकला नाही. लोकांना खेळायला शिकवत नाहीत हल्ली. उपांत्य सामन्यात समोर शेजारच्या क्लबची जोडी होती, एक पोस्टमन आणि एक भूमितीचे मास्तर. मास्तरांच्या हातात कोन होते. पहिला सेट आमच्या लोकांनी सहा-तीन घेतला, दुसऱ्यात दोन-एक झालं, आणि मग मास्तरांनी रॅकेट खाली नेली. मला त्यांच्या खांद्यावरूनच कळलं. चेंडू वर गेला. साडूंच्या डोक्यावरून, डॉक्टरांच्या डोक्यावरून, उंच.

"माझा!" डॉक्टर ओरडले.

साडू जागेवर थांबले. का थांबणार नाहीत? जोडीदार 'माझा' म्हणाला होता. मी बाकाची कड घट्ट धरली. आता चेंडू पडणार, दोघे एकमेकांकडे बघणार, आणि मग डॉक्टरांना कळणार की अकरा वर्षं त्यांच्या पाठीमागे कोण होतं.

डॉक्टर वळले आणि धावायला लागले.

चौसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेला, पाठमोरा धावत सुटला. शेवटच्या रेषेपाशी तो चेंडूपर्यंत पोचला आणि कमरेतून वळून त्याने तो परत उंच फेकला. पोस्टमनने घाईने मारला तो बाहेर. तीन-एक. सगळे बाक उठून उभे राहिले. डॉक्टर धापा टाकत परत येत होते आणि लहान मुलासारखे हसत होते. साडूंनी त्यांना मिठीच मारली.

मी बसून राहिलो. अकरा वर्षांत डॉक्टरांनी हे एकदाही केलं नव्हतं. करायची वेळच आली नव्हती. ते 'माझा' म्हणायचे आणि त्यांचा शब्द संपायच्या आत मी मागे पोचलेला असायचो. मी समजत होतो त्यांना धावता येत नाही. आणि आता ते धावले होते, माझ्यासाठी नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपल्या माणसाला शीळ घालता येते हे दुसऱ्याच्या घरी कळावं, तसं काहीसं झालं.

"मॅडम," मी आकडेबाईंकडे वाकलो. आवाज शक्य तितका शास्त्रीय ठेवला. "डॉक्टरांचे नेमके किती आहेत हो? आतले?"

"चार पॉइंट पाच चार," त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

"आणि हे असेच जिंकत गेले तर? दुहेरीही मोजता ना?"

"मोजते. हा सामना मोठ्या फरकाने जिंकले तर चार पाच पाच. बोर्डावर चार-सहा. साडू तर काय, परत तीन-सातवर जातील."

"म्हणजे पुढच्या वर्षी दोघांची बेरीज..."

"आठ पॉइंट तीन. जोडी तुटली." मग त्यांनी मान वर केली. "पण डॉक्टर तुमच्याबरोबरही बसणार नाहीत मग. आठ पॉइंट दोन."

"न बसू देत," मी म्हणालो. "किती फरक लागेल?"

बाईंनी पेन्सिलीने हिशेब केला. "आता तीन-एक आहे ना? यापुढे एकही गेम द्यायचा नाही."

मी उठून उभा राहिलो. "डॉक्टर, शाबास!" मी ओरडलो. "साडूबुवा, मारा! सोडायचं नाही! एक गेम द्यायचा नाही!" तळहात चुरचुरेपर्यंत टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी चकित होऊन माझ्याकडे बघितलं आणि रॅकेट उंचावली. साडूंनी तर कपाळाला हात लावून मला नमस्कारच केला. अकरा वर्षांत कोणाचा विजय मी इतक्या मनापासून इच्छिला नव्हता, स्वतःचासुद्धा.

मेव्हणीने डोळे पुसले. "ताई, भाऊजींचं मन किती मोठं आहे गं."

"हो ना," ही म्हणाली आणि माझ्या सदऱ्याचं टोक ओढलं. "बसा आता. घसा बसेल."

मी बसलो नाही. अजून तीन गेम हवे होते.